लिहायला उभे राहताना

मराठीत माणूस लिहायला बसतो. ‘आज लिहायला बसलो होतो’, ‘एका बैठकीत कथा पूर्ण केली’, ‘बसून एकदाचे लिहून टाका’ असे आपण सहज बोलतो. विचारांनाही आपल्याकडे बैठक लागते, आणि विद्यापीठातील मानाच्या जागेला आपण अध्यासन म्हणतो. याउलट ‘उभ्याउभ्या लिहिले’ असे कोणी सांगितले, तर ते लेखन घाईचे असावे, दारातूनच परत फिरलेल्या पाहुण्यासारखे असावे, असे आपण गृहीत धरतो. भाषेने बसण्याला गांभीर्य दिले आणि उभे राहण्याला उतावीळपणा दिला. हा वाटा कसा पडला आणि तो न्याय्य आहे काय, हा प्रश्न आम्हांला पूर्वी कधी पडला नव्हता. तो पडला तो आमच्या कमरेमुळे.

यवतमाळात राहून भाषा शिकवण्याचा आमचा व्यवसाय. उत्तरपत्रिका तपासणे, टाचणे काढणे, अधूनमधून काही लिहिणे, हे सारे बसून. गेल्या हिवाळ्यात पाठीने असहकार पुकारला, तेव्हा वैद्यांनी सल्ला दिला की सलग बसू नका, कामाचा काही भाग उभ्याने करा. उभ्याने लिहिण्याची तयार मेजे बाजारात मिळतात. कळ दाबली की वरखाली होणारीही मिळतात. त्यांच्या किमती पंधरा-वीस हजारांच्या पुढे जातात. तेवढे पैसे एका मेजावर घालणे आम्हांला परवडणारे नव्हते आणि पटणारेही नव्हते. तेव्हा मेज घरीच करावे असे ठरले. त्या खटपटीत हाताला जे लागले त्यात लाकूड थोडे होते आणि इतिहास बराच होता. त्याचीच ही हकीकत.

पहिला प्रयोग विटांचा. सरळ उभे राहावे, दंड अंगालगत ठेवावा, कोपरात काटकोन करावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजावी. लिहिण्याचा पृष्ठभाग साधारण तेवढ्या उंचीवर हवा, असा नियम. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला ही उंची बेचाळीस इंचांच्या आसपास येते. घरातले नेहमीचे टेबल तीस इंचांचे. म्हणजे बारा इंच कमी. वीट तीन इंच जाड. एका पायाखाली चार, चार पायांखाली सोळा. सोळा विटा अंगणात होत्याच. पंढरपूरच्या दैवताला एका विटेवर उभे राहणे साधले. आमच्या टेबलाला सोळा विटांवरही साधेना. ओळ लिहिताना हात उजवीकडे सरकला की टेबलही त्याबरोबर सरके. पाचव्या ओळीला शाईची दौत लवंडली आणि तो प्रयोग आम्ही आटोपता घेतला.

बेचाळीस इंच या आकड्याने मात्र एक जुनी आठवण जागी केली. व्हर्जिनिया वुल्फ यांचे चरित्र त्यांचे भाचे क्वेंटिन बेल यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. तरुणपणी त्या उतरत्या पृष्ठभागाच्या एका उंच मेजाशी उभ्या राहून लिहीत आणि त्या मेजाची उंची सुमारे साडेतीन फूट होती, असे त्यात नमूद आहे. साडेतीन फूट म्हणजे नेमके बेचाळीस इंच. उभे राहण्याचे जे कारण बेल देतात ते मोठे बोलके आहे. बहीण व्हेनेसा चित्रकार. ती चित्रफलकासमोर तासन्‌तास उभी राहून काम करी. बसून केलेले आपले काम तिच्या कामापेक्षा कमी कष्टाचे दिसू नये, अशी लेखिकेची धडपड होती. हेमिंग्वे हवानातील घरी पुस्तकांच्या कपाटावर टंकलेखनयंत्र ठेवून उभ्याने लिहीत. नाबोकोव्ह सकाळ उंच मेजाशी सुरू करीत आणि दिवस कलेल तसे खुर्चीकडे वळत. ही उदाहरणे नेहमी सांगितली जातात. आम्हांला त्यांत वुल्फबाईंचे उदाहरण अधिक मोलाचे वाटते, कारण शरीराच्या ठेवणीला प्रतिष्ठेचा संदर्भ असतो हे त्यात उघड दिसते. उभे राहणे हे श्रमाचे चिन्ह; ते त्यांनी मुद्दाम अंगावर घेतले. आपल्याकडे हे चिन्ह कोणाच्या अंगावर होते, हे पाहू लागलो की प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो.

विटांचा नाद सोडल्यावर आम्ही टेबलावर ठेवण्याजोगी एक लाकडी घोडी करण्याचे योजले. जुन्या लाकडाच्या वखारीत सागाचे एक कवाड मिळाले. कोणाच्या तरी मोडलेल्या घराचे. बिजागऱ्यांच्या खुणा आणि कडीचे भोक तसेच होते. रंधा फिरवल्यावर आतला पिवळसर तपकिरी रंग वर आला आणि सागाचा तो ओळखीचा वास अंगणभर झाला. यवतमाळ जिल्ह्याच्या जंगलांत साग हे प्रमुख झाड. पांढरकवड्याकडे जा, टिपेश्वरकडे जा किंवा पैनगंगेच्या काठाने उमरखेडकडे जा, पानगळीचे सागवन सोबत करते. तरीही येथील सामान्य माणसाला ते लाकूड केव्हाही सहज मिळत होते असे नाही. इंग्रजी अमलात १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वनकायद्याने जंगले राखीव झाली. ज्या रानातून गाव गवत, सरपण, खांब-वासे आणीत असे, तेथे आत जाणे हाच गुन्हा ठरू लागला.

१९३० मध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा वऱ्हाडापुढे अडचण होती: समुद्र कोठून आणायचा? येथे अन्यायाचा सर्वांना कळणारा कायदा होता तो जंगलाचा. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून तो कायदा मोडला आणि अटक करून घेतली. अणे मूळचे वणीचे, यवतमाळात वकिली करणारे, संस्कृतचे गाढे व्यासंगी. टिळकांच्या जीवनावर त्यांनी रचलेल्या ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ या संस्कृत महाकाव्याला त्यांच्या निधनानंतर, १९७३ मध्ये, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पोथ्यांत रमणारा माणूस त्या दिवशी विळा घेऊन रानात उभा होता. स्वस्तातले मेज करायला निघालेल्या माणसाने एवढे लक्षात ठेवावे, की ज्या लाकडाला तो आज ‘जुने, म्हणून स्वस्त’ म्हणतो, त्याच्या मागे असे एखादे गवत कापणे असू शकते.

आता लिहिण्याच्या बैठकीकडे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळींतले अंतर कसे राखावे, कागद, शाई, बोरू, चाकू यांची निवड कशी करावी, याचा विचार त्यात एखाद्या कसबी कारागिराच्या बारकाईने केलेला आढळतो. बैठकीचा प्रश्न मात्र तेथे वेगळा काढलेला नाही. लिहिणारा जमिनीवर बसलेला असणार, हे सर्वांनाच ठाऊक होते. दफ्तरातला कारकून मांडी घालून बसे, एक गुडघा उभा करी आणि त्यावर कागद टेकवून मोडी लिहीत जाई. प्रथम आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता शब्दांची साखळी सोडत न्यायची. या लिपीची घडण आणि ही बैठक एकमेकींना धरून आहेत. गुडघा हेच त्याचे मेज. त्याला सुतार लागत नसे आणि पैसाही लागत नसे.

पुढे त्या गुडघ्याच्या जागी उतरत्या झाकणाची लाकडी पेटी आली. गादीवर बसलेल्या दिवाणजीपुढे ती असे. झाकणावर वही, आत दौत, टाक, पावत्या आणि नाणी. इंग्रजीतून आलेले ‘डेस्क’ हे नाव मराठीने या बुटक्या पेटीला असे चिकटवले, की जुन्या पेढ्यांतून ‘डेस्क’ म्हणजे जमिनीवरचेच. यवतमाळसारख्या कापसाच्या मुलखात अडत्याच्या दुकानातले हे डेस्क म्हणजे एक लहानसे सिंहासनच होते. शेतकऱ्याच्या कापसाचे वजन, कटती, उचल, व्याज, सारे त्या उतरत्या झाकणावर लिहिले जाई. लिहिणारा बसलेला असे, आणि ज्याचा हिशेब लिहिला जाई तो बहुधा उभा असे.

सेवाग्राम आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात. १९३६ मध्ये गांधीजी तेथे राहायला आले. त्यांच्या कुटीतही लिहिण्याचे साधन असेच बुटके, जमिनीवरचे. कुटी माती, बांबू आणि आसपास मिळणाऱ्या लाकडाची. भेटायला येणारा व्हाइसरॉयचा माणूस असो की जवळच्या खेड्यातला शेतकरी, दोघांनाही तेथे त्याच चटईवर बसावे लागे. एकाच उंचीचे डेस्क अडत्याच्या दुकानात एक अर्थ सांगत होते आणि सेवाग्रामात दुसरा. मेजाची उंची इंचांत मोजता येते. समोरच्याला बसायला जागा आहे की नाही, हे इंचांत सापडत नाही.

आणि जागा सर्वांना नव्हतीच. महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये (लेखन १८८३) सरकारी कचेरीतल्या लेखणीपुढे हतबल झालेला कुणबी जागोजाग भेटतो. तो निरक्षर म्हणून उभा, आणि उभा म्हणून निरक्षर. त्यानंतर काही वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत एक मुलगा वर्गात वेगळा बसत होता. खाली अंथरायचे गोणपाट त्याला घरून आणावे लागे आणि संध्याकाळी परत न्यावे लागे, कारण शाळेतला शिपाई त्याला हात लावीत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही आठवण पुढे स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली. ‘लिहायला बसणे’ हा वाक्प्रचार आपण किती निर्धास्तपणे वापरतो! ज्याला बसण्यासाठी स्वतःची जमीन काखेत घेऊन जावी लागली, त्याच्या दृष्टीने त्यातले क्रियापद ‘लिहिणे’ इतकेच अवघड होते. एका लांब बाकावर सर्व मुलांना शेजारी शेजारी बसवणारी शाळा ही म्हणूनच केवळ फर्निचरातली सुधारणा नव्हती.

उंच फर्निचरातले बहुतेक शब्दही आपल्याकडे बाहेरून आले. मेज फारसीतून, खुर्ची अरबीतून, टेबल इंग्रजीतून. आपले घरचे शब्द पाट, चौरंग, बैठक, गादी, सारे जमिनीशी सलगी ठेवणारे. उंचीवरचे जे देशी शब्द आहेत त्यांच्यावर माणसे बसत नाहीत, वस्तू बसतात: घडवंचीवर घागर, तिवईवर समई, फळीवर डबे. एकोणिसाव्या शतकात कचेऱ्या आणि शाळा यांच्यामार्फत खुर्ची आली आणि शतकभरात ती सत्तेचा समानार्थी शब्द झाली. निवडणुकीला माणूस उभा राहतो तोही खुर्चीवर बसण्यासाठीच.

परंतु मराठी अक्षरांचा सारा इतिहास बसलेल्या माणसांचा नाही. घोडीच्या बाजू जोडताना सुताराने खिळ्यांऐवजी स्क्रू वापरण्याचा सल्ला दिला, आणि ‘खिळा’ या शब्दापाशी आम्ही थबकलो. शिशाच्या ज्या तुकड्यावर उलटे अक्षर ओतलेले असते त्यालाही मराठीत खिळाच म्हणतात. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये मुंबईत खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्या देखण्या देवनागरी खिळ्यांनी मराठी आणि संस्कृत ग्रंथांच्या पिढ्या घडवल्या. हे खिळे जुळवणारा कामगार उभा असे. त्याच्यापुढे छातीच्या उंचीला, त्याच्याकडे उतरत येणाऱ्या लाकडी केसी मांडलेल्या. त्यांत शेकडो कप्पे. रोमन लिपीला जितके खिळे पुरतात त्यांच्या कितीतरी पट अधिक खिळे देवनागरीला लागत, कारण जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, रफार. त्यामुळे मराठी जुळाऱ्याचा हात अधिक लांब जाई, पाय अधिक हलत. डाव्या हातात जुळणीची पट्टी, उजवा हात कप्प्याकप्प्यांतून फिरणारा. ‘एका बैठकीत’ लिहिलेली कथा वाचकाच्या हाती पडण्याआधी कोणीतरी ती उभ्याने, अक्षर अन्‌ अक्षर, पुन्हा एकदा लिहिलेली असे. त्याचे नाव पुस्तकावर नसे.

यवतमाळलाही या खिळ्यांचा वारसा आहे. १९१८ मध्ये येथून ‘लोकमत’ निघाले ते बापूजी अण्यांच्या पुढाकाराने. पुढे जवाहरलाल दर्डा यांनी ते नाव पुन्हा चालवले आणि १९७१ मध्ये नागपुरातून त्याचे दैनिक झाले. ज्या पत्राचे आज ठिकठिकाणी मोठमोठे छापखाने आहेत त्याची सुरुवात या आडबाजूच्या गावातली. वर्तमानपत्र वाचण्याची एक जागाही आपल्याकडे उभ्याची आहे. जुन्या सार्वजनिक वाचनालयांत भिंतीलगत उतरते फलक असतात. त्यांवर दैनिके अडकवलेली असतात आणि वाचक उभ्याने, एकमेकांच्या खांद्यावरून, वाचत असतात. आमच्या पिढीतल्या अनेकांचा वाचनाचा श्रीगणेशा त्या फलकांपाशी झाला. घरात टेबल नव्हते. तेथे कोपराच्या उंचीवर जग उघडे होते, आणि त्याला वर्गणी नव्हती. आमच्या घोडीचा उतार किती ठेवावा हे ठरवताना मनात तोच फलक होता.

घरातल्या घरात याहून मोठा बदल होऊन गेला आणि त्याची नोंद साहित्याच्या इतिहासाने फारशी घेतली नाही. पूर्वी चूल जमिनीवर असे. भाकरी थापणे, भाजी चिरणे, पाटा-वरवंटा, जाते, सारे बसून. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघर गॅसची शेगडी आली आणि तिच्यासाठी ओटा आला. पुरुषमंडळी जमिनीवरून खुर्चीवर बसली त्याच काळात घरातली बाई जमिनीवरून उठली आणि ओट्यापाशी उभी राहिली. धूर आणि वाकणे गेले हा लाभ खरा. पण मराठी घरातले पहिले उभ्याचे मेज हा ओटाच होय, आणि त्याच्या उंचीसाठी बाईच्या कोपराचे माप कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही. आमच्या आईने आयुष्यभर दुधाचा, वाण्याचा आणि भिशीचा हिशेब ओट्याच्या कडेवर वही ठेवून, कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहिला. त्या नोंदींना आम्ही कधी लेखन म्हटले नाही.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे, तरी या संदर्भात ते पुन्हा पाहण्यासारखे आहे. १८८० मध्ये जन्मलेल्या या खानदेशी शेतकरी बाईला लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात, घरकामात त्यांना गाणी सुचत. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ ती टिपून घेत. १९५१ मध्ये त्या वारल्या आणि १९५२ मध्ये गाणी प्रसिद्ध झाली. कविता राबत्या शरीराने केली आणि कागदावर बसत्या हाताने उतरली. जी टिपली गेली नाहीत ती त्या शरीराबरोबर गेली. अशा किती बाया वऱ्हाडात निंदणीच्या आणि वेचणीच्या ओळीत होऊन गेल्या असतील, याचा अदमास करायला आपल्याजवळ साधन नाही. कापूस वेचणारी बाई बसलेली नसते, पुरती उभीही नसते. कंबरेत वाकून ती दिवस काढते. तिच्या त्या ठेवणीसाठी कोणत्याही बाजारात मेज मिळत नाही.

शरीराच्या या व्यथांचा विचार वैद्यकाने बराच आधी केला होता. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला आणि १७१३ मध्ये तो वाढवला. लेखनिकांच्या दुखण्यांची कारणे त्यांनी तीन सांगितली: सततचे बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही अध्यापकाला यात आपले चित्र दिसेल. त्याच ग्रंथात उभ्याने काम करणाऱ्यांचेही प्रकरण आहे: पायांच्या फुगलेल्या शिरा, सूज, थकवा. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच या वैद्याने दोन्ही बाजू मांडून ठेवल्या होत्या. १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. उभ्याच्या मेजांचे पुरस्कर्ते या अभ्यासाचा हवाला देतात. पण वाहक नुसते उभे नव्हते, ते हिंडत होते. एका जागी खिळून बसणे आणि एका जागी खिळून उभे राहणे यांत शरीराच्या दृष्टीने निवड करण्याजोगे फार थोडे आहे.

उभ्याच्या मेजाची गोष्ट सांगताना तिची दुसरी बाजू दडवणे आम्हांला योग्य वाटत नाही. शहरांतून सुखवस्तू माणसे उभे राहण्यासाठी हजारो रुपये मोजू लागली, त्याच सुमारास केरळातील कापडाच्या व दागिन्यांच्या दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रिया बसण्याच्या हक्कासाठी लढत होत्या. दिवसाचे दहा-बारा तास त्यांना उभे राहावे लागे. गिऱ्हाईक नसतानाही टेकण्याची मुभा नसे. २०१८ मध्ये केरळने आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने दुकानांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसायला आसन देणे बंधनकारक केले. आमच्या गावात १९७२ च्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या काळात केंद्रांपुढे बैलगाड्यांच्या रांगा लागत. त्या रांगांत दिवस आणि रात्री काढलेली माणसे अजून आहेत. त्यांना उभे राहण्याचे आरोग्यदायी फायदे सांगायला आम्ही धजणार नाही. उभे राहण्याचा लाभ ज्याला हवे तेव्हा बसता येते त्यालाच होतो.

जानेवारी २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले. निमंत्रणाच्या वादाने ते गाजले, आणि त्या वादात साहित्यिकांनी कोठे उभे राहावे हा प्रश्न पुष्कळ चर्चिला गेला. उद्‌घाटन अखेर जिल्ह्यातल्याच, शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या एका स्त्रीच्या हस्ते झाले. व्यासपीठावर अनेक खुर्च्या होत्या. ती ध्वनिक्षेपकासमोर उभी राहून आपल्या शब्दांत बोलली, आणि त्या तीन दिवसांतली सर्वांत अधिक काळ लक्षात राहिलेली भाषणे मोजायची तर तिचे भाषण त्यांत धरावे लागते. आपल्याकडे बोलण्याची परंपरा उभ्याची आहे: कीर्तनकार उभा, शाहीर उभा. लिहिण्याची तेवढी बसण्याची. बोलणारा श्रोत्यांच्या नजरेसमोर असतो आणि पायांवर भार तोलत बोलतो. लिहिणाऱ्याला पाठीमागे लोड आणि समोर भिंत एवढे पुरते. ही दोन अंगे इतकी वेगळी राहिली याचे परिणाम आपल्या गद्यावर काय झाले, हा विषय एखाद्या अभ्यासकाने घ्यावा असा आहे.

आता घोडीचे सांगून संपवतो, कारण कोणाला ती करून पाहावीशी वाटेल. वरची फळी चोवीस इंच लांब, अठरा इंच रुंद, एक इंच जाड. दोन बाजूंच्या फळ्या पुढे दहा आणि मागे बारा इंच उंचीच्या, म्हणजे उतार आपोआप मिळतो आणि तीस इंचांच्या टेबलावर ठेवल्यावर मध्यभागी बेचाळीस इंच भरतात. मागच्या बाजूस कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरपी पट्टी. डुलणे थांबते ते हिच्यामुळे, आणि विटांच्या प्रयोगात उणीव होती ती हिचीच. पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी, म्हणजे कागद आणि पेन घसरत नाहीत. पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. वरून जवसाच्या तेलाचे दोन हात. संगणकावर काम करणाऱ्याने उतार ठेवू नये, आणि पडदा डोळ्यांच्या उंचीला येईल असा वेगळा उचलून घ्यावा. कवाडाची किंमत चारशे, सुताराची मजुरी अडीचशे, स्क्रू, काचकागद आणि तेल मिळून दीडशे. एकूण आठशे रुपये. सोळा विटांपैकी एक पायाशी ठेवली आहे. आळीपाळीने एकेक पाय तिच्यावर टेकवला की कमरेला बरे वाटते.

घोडी टेबलावरून उचलता येते, आणि हाच तिचा आमच्या लेखी सर्वांत मोठा गुण. अर्धा तास उभे, मग ती बाजूला ठेवून अर्धा तास बसून, असे हे टिपण लिहून झाले. कोणते परिच्छेद उभ्याने लिहिले हे वाचकांना ओळखता येईल असे वाटत नाही. आम्हांलाही आता आठवत नाही. कडीचे भोक फळीच्या उजव्या कोपऱ्यात आले आहे आणि त्यात शिसपेन्सिल नेमकी बसते. परवा आईने घोडी पाहिली, तिच्यावर कोपरे टेकून पाहिली आणि ओट्याची उंचीही अशीच असती तर बरे झाले असते, एवढे म्हणून ती आत गेली. सुताराला पुन्हा बोलावले आहे. या वेळी माप तिच्या कोपराचे घ्यायचे आहे.